खोडरबराकडे जाणारा हात

प्रश्न: शिरपूर तालुक्यातील एका शाळेत मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. मुलांची उत्तरे बरीचशी बरोबर येतात. पण ‘हे कसं केलंस?’ असे विचारले की ती गप्प होतात, ‘असंच केलं’ म्हणतात किंवा पुस्तकातली रीत घडाघडा म्हणून दाखवतात. बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात, काही पावरी. त्यांनी आपला विचार बोलून दाखवावा यासाठी काय करावे, भाषा कोणती धरावी आणि अभ्यासक्रम पुरा करून या सगळ्याला वेळ कोठून काढावा?

उत्तर: आपण लिहिलेले ‘असंच केलं’ हे उत्तर मी तीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आलो आहे, आधी जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतील वर्गांत आणि पुढे प्रशिक्षणांच्या निमित्ताने धुळे-नंदुरबारकडेही. ‘या मुलाने विचारच केलेला नाही’ असा त्याचा अर्थ मी बरीच वर्षे लावत होतो आणि तो चुकीचा होता. एकदा सातवीच्या वर्गात मी एका मुलीला ‘कसं केलंस गं?’ असे विचारले, तेव्हा तोंड उघडण्याआधी तिचा हात खोडरबराकडे गेला. तिचे उत्तर बरोबर होते. त्यानंतर आठवडाभर मी स्वतःवरच पाळत ठेवली आणि टाचणवहीच्या कडेला पेन्सिलीने रेघा मारत गेलो. दिसले ते असे, की ‘कसं केलंस?’ हा प्रश्न मी जवळजवळ नेहमी चुकलेल्या उत्तरानंतरच विचारत होतो. बरोबर उत्तराला ‘शाब्बास, बस खाली’ एवढे पुरत होते. अशा वर्गात त्या दोन शब्दांचा मुलांच्या कानाला लागणारा अर्थ ‘चुकलंय, खोड’ एवढाच असतो, आणि ज्याला आपल्यावर आळ आला आहे असे वाटते तो आपली बाजू मांडण्यापेक्षा गप्प राहणेच पसंत करतो.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. येत्या पंधरवड्यात ‘कसं केलंस?’ हा प्रश्न फक्त बरोबर उत्तरांनाच विचारावा. मुले आधी गोंधळतील, काही जण बरोबर उत्तर खोडतीलही. तेव्हा ‘उत्तर बरोबरच आहे, मला तुझी वाट ऐकायची आहे’ असे स्पष्ट सांगावे. पंधरवड्यानंतर बरोबर आणि चूक दोन्ही उत्तरांना तोच प्रश्न त्याच आवाजात विचारावा. आवाजापेक्षाही चेहरा सांभाळणे अवघड जाते, कारण मुले आपल्या भुवया वाचतात. उत्तर ऐकताना मी फळ्याकडे तोंड करून ते जसेच्या तसे लिहू लागलो, त्याचे निम्मे कारण हेच होते.

ऐकण्यात माझ्याकडून झालेली एक चूक येथे सांगतो, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांकडून होत असावी. पाचवीच्या एका मुलाला 63 वजा 28 तोंडी विचारले. तो म्हणाला, ‘साठातून वीस गेले, चाळीस. तीनातून आठ गेले...’ आणि मी त्याला तेथेच तोडले: ‘तीनातून आठ जातात का रे? दशक सुटा कर.’ त्याने मुकाट्याने दशक सुटा केला आणि 35 लिहिले. संध्याकाळी वह्या तपासताना, मुले जेथे कच्चे काम करतात त्या मागच्या पानावर, मला त्याच्या हातचे ‘40 − 5’ सापडले. तीनातून आठ काढायला पाच कमी पडतात, म्हणून ते पाच चाळीसांतून काढायचे, हा त्याचा विचार पूर्ण होता, अचूक होता आणि माझ्या रीतीपेक्षा डोक्यात करायला सोपाही होता. मला आणखी तीन सेकंद थांबता आले नाही. पुढे कित्येक दिवस त्या मुलाने माझ्या तासाला स्वतःहून तोंड उघडले नाही.

तीन सेकंद हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासून 1970च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले, तर मुलांची उत्तरे लांबतात, न बोलणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागतात. त्यांच्या मांडणीत थांबण्याच्या जागा दोन आहेत: एक आपल्या प्रश्नानंतरची आणि दुसरी मुलाचे बोलणे संपल्यासारखे वाटल्यानंतरची. आपल्याकडे पहिली थोडीफार पाळली जाते, दुसरी जवळजवळ कोणी पाळत नाही. आणि विचार उलगडतो तो बहुधा या दुसऱ्या जागेत, कारण मूल पहिले वाक्य आपल्यासाठी बोलते आणि दुसरे स्वतःसाठी. मी खडू पाठीमागे धरून मनात सावकाश पाच अंक मोजत असे. सुरुवातीला ही शांतता फार लांब वाटते आणि एखादा हुशार विद्यार्थी ती मोडायला टपलेलाच असतो. त्यासाठी मी हात वर करणेच बंद केले: उत्तर सुचले की मूठ छातीशी धरून अंगठा वर करायचा, दुसरी वाट सुचली तर एक बोटही उघडायचे. ज्याला वेळ लागतो त्याला शेजारच्याचा उंचावलेला हात दिसत नाही आणि ज्याला लवकर येते त्याला दुसरी वाट शोधण्याचे काम मिळते.

प्रश्नाची शब्दरचनाही बदलून पाहावी. ‘कसं केलंस?’ हा प्रश्न मुलाकडून एकदम सबंध हकिगत मागतो, आणि जिला सुरुवात कोठून करावी हे कळत नाही अशी हकिगत मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. ‘आधी कोणत्या आकड्याकडे पाहिलंस?’, ‘पहिली पायरी तेवढी सांग, उत्तर सांगू नको’, ‘कुठं अडलास?’, ‘उत्तर शंभराच्या आत येईल की पुढे, आणि ते तुला आधी कसं वाटलं?’ असे छोटे, हाताला लागणारे प्रश्न जास्त कामाचे ठरतात. आपल्या भागात ‘का’ या रुक्ष अक्षराला ‘काबर’ असा एक आपुलकीचा पर्याय आहे. ‘काबर रे भाऊ?’ असे विचारले की वर्ग हसतो आणि त्या हसण्यात प्रश्नाची धार जाते.

यावरून भाषेकडे येतो; आपल्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिला विचार मूल ज्या भाषेत करते त्याच भाषेत त्याला बोलू द्यावे, प्रमाण मराठीची अट तेथे घालू नये. सातवीत 452 वजा 97 हे तोंडी उदाहरण दिले असताना एका मुलीने उत्तराआधी दोनदा ‘म्हणजे... म्हणजे...’ केले आणि थांबली. ‘घरी सांगशील तसं सांग’ म्हटल्यावर तिने एका दमात सांगितले, ‘शंभर दिधात, तीन परत लिधात.’ सत्त्याण्णव रुपयांच्या खरेदीला शंभराची नोट द्यायची आणि तीन रुपये परत घ्यायचे. 352 आणि 3 मिळून 355. पाच शब्दांत सगळी रीत आली. मी फळ्यावर तिचे वाक्य तसेच लिहिले, त्याखाली 452 − 100 + 3 लिहिले आणि वर्गाला विचारले की तिचे ‘परत लिधात’ खालच्या ओळीत कोठे आहे. अधिकचे चिन्ह का आले, हे त्या दिवशी मला समजावून सांगावे लागले नाही. प्रमाण भाषा शिकवायची आहेच, परीक्षेत तीच लागणार आहे; पण ती या वाक्याच्या मागून यावी, ‘हेच आता वहीत लिहिता येईल असं सांगू या’ अशा दुसऱ्या फेरीत. पहिल्याच फेरीत मुलाला विचारही सांभाळायचा आणि भाषाही सांभाळायची असे दुहेरी ओझे दिले, की ते दोन्ही खाली ठेवून ‘असंच केलं’ म्हणते.

बाजारातला हिशेब आणि शाळेतले गणित यांची ही फारकत आपल्यापुरती नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत त्या मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर आली आणि तीच आकडेमोड कागदावर नुसत्या अंकांत दिली तेव्हा सुमारे 37 टक्के. त्यातल्या एका मुलाला 35ला एक अशा 10 शहाळ्यांची किंमत विचारली, तर तो तीन शहाळ्यांचे 105, आणखी तीन म्हणजे 210, असे तीन-तीनने मोजत 350ला पोहोचला. दहाने गुणताना शून्य लावायचे हे त्याच्या वाटेत आलेच नाही. असा हिशेब आपल्या आठवडे बाजारात रोज चालतो. फरक इतकाच, की त्या संशोधकांनी तो बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून ऐकला आणि आपण ‘शून्य लाव की’ म्हणून तो मोडतो.

मराठीतली संख्यानामे हा वेगळाच विषय आहे, तरी बोलण्याशी त्याचा संबंध असल्यामुळे थोडे थांबतो. आपण 63 लिहिताना सहा आधी लिहितो आणि ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारतो. 69ला तर ‘एकोणसत्तर’ म्हणजे सत्तरला एक उणे असे म्हणतो. दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 2019 साली सत्तावीसला ‘वीस सात’ असे वाचण्याची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना तिचे समर्थन कितीदा करावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात न पडता मी एवढेच सांगेन, की सहावी-सातवीतही बोलताना अडखळणारे मूल पुष्कळदा गणितात अडलेले नसते, ‘एकोणनव्वद’ की ‘एकोणऐंशी’ यात अडलेले असते. त्याने ‘ऐंशी आणि नऊ’ म्हटले तर चालवून घ्यावे. याउलट पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपल्या बोलण्यातली अपूर्णांकांची शिदोरी फार समृद्ध आहे आणि वर्गात ती वापरली जात नाही. अर्धा भागिले पाव हे उदाहरण ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा’ या मंत्राने सोडवणारा मुलगा ‘अर्ध्या किलोत पावाची मापं किती?’ असे विचारल्यावर हसून ‘दोन’ म्हणतो. त्या हसण्यानंतर मंत्राचे कारण शोधायला तो तयार असतो. एकदा 12 × 15 विचारले असता एका मुलाने ‘बारा दीडे अठरा, म्हणून एकशे ऐंशी’ असे सांगितले. ही दिडकी, म्हणजे दीडपटीचा पाढा, त्याला आजोबांनी शिकवली होती. वर्गातल्या कोणालाच ती कळली नाही आणि मग त्याने दीडपटीचे दहापट म्हणजे पंधरापट हे फळ्यावर येऊन समजावले. त्या तासाला माझे काम खडू देण्यापुरतेच उरले.

चुकलेल्या उत्तरामागचा विचार ऐकला तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण जरा विस्ताराने देतो. सहावीत दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश या बेरजेचे उत्तर एका मुलीने तीन सप्तमांश असे काढले. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक प्रत्येक वर्गात होते आणि आपण ‘आधी समच्छेद कर’ असे सांगून पुढे जातो. त्या दिवशी मी तिला वाट विचारली. ती म्हणाली, ‘एका टोपलीत तीन केळी, त्यातली दोन पिकलेली. दुसरीत चार केळी, त्यातलं एक पिकलेलं. दोन्ही टोपल्या एक केल्या तर सातांत तीन पिकलेली.’ मी वर्गाला विचारले, ही जे सांगते आहे ते खरे की खोटे? सगळ्यांनी खरे म्हटले, आणि ते खरेच होते. मग उत्तर बरोबर का? वर्ग शांत. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘सर, दोन तृतीयांश अर्ध्याच्या वर आहे आणि तीन सप्तमांश अर्ध्याच्या खाली. मिळवलं तर कमी कसं होईल?’ त्या मुलीलाही हे पटले, पण तिने आपल्या टोपल्या सोडल्या नाहीत, आणि तिने त्या सोडल्या नाहीत हे मला फार आवडले. पुढचा पाव तास वर्गात दोन खऱ्या गोष्टींचे भांडण चालले. शेवटी तिनेच तिढा सोडवला: ‘माझ्या टोपल्या वेगवेगळ्या होत्या. एकदा तिनातलं बोलले, एकदा चारातलं आणि शेवटी सातांतलं. भाकरी एकसारखी धरायला पाहिजे.’ सारख्याच आकाराच्या एका भाकरीचे दोन तृतीयांश आणि दुसरीचा पाव, असे मांडल्यावर समच्छेद करण्याची गरज वर्गाला आपोआप दिसली. बारा भाग पाडले, आठ आणि तीन मिळून अकरा. तिची मांडणी चुकीची नव्हती, ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होती. पुढे सरासरी शिकवताना मी तिच्या टोपल्या परत काढल्या. असा तास महिन्यातून एखादाच होतो. पण तो होण्यासाठी आपल्याला चूक दिसताक्षणी हातातला लाल पेन खाली ठेवता यावा लागतो.

अशा वेळी शिक्षकाने स्वतः किती बोलावे? माझ्या मते, मुलाचे वाक्य परत म्हणून दाखवण्यापुरते: ‘तू असं म्हणालीस का, की दोन्ही टोपल्या एकत्र केल्या?’ यात एक धोका आहे. आपण तिचे वाक्य ‘सुधारून’ म्हणतो आणि त्यात तिने न केलेला आपला विचार घुसडतो. म्हणून परत म्हटल्यानंतर ‘नाही सर, तसं नाही’ असे म्हणण्याची मोकळीक मुलाला आहे, हे वर्गाला आधीच सांगून ठेवावे. माझ्या वर्गात पहिल्यांदा हे ‘नाही’ यायला सव्वा महिना लागला. त्यानंतरची पायरी म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी एकाला विचारणे: ‘त्याने काय केलं, ते तुझ्या शब्दांत सांग.’ यामुळे बोलणाऱ्याला आपले कोणी ऐकते आहे हे कळते आणि ऐकणाऱ्याला ऐकणे भागच पडते.

रोजच्या सरावासाठी उदाहरण कोणते घ्यावे, असे अनेक जण विचारतात. एकाच उदाहरणाच्या अनेक वाटा निघाव्यात एवढीच त्याची कसोटी. याला आपल्या भागातच फार जुना आधार आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे आजच्या पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि 1207 सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’मध्ये गुणाकाराचे उदाहरण आहे ते 135ला 12ने गुणण्याचे. ते लीलावतीला उद्देशून ‘सांग’ म्हणून विचारलेले आहे आणि त्यातली संख्या ‘पाच, तीन, एक’ अशी एककापासून उच्चारलेली आहे. भास्कराचार्य तेथे एका वाटेवर थांबत नाहीत. 12चे 8 आणि 4 असे तुकडे करून 1080 आणि 540 मिळवावेत. किंवा आधी तीनाने आणि मग चाराने गुणावे. किंवा दहापट 1350 आणि दुप्पट 270 मिळवावेत. किंवा वीसपट 2700मधून आठपट 1080 वजा करावेत. उत्तर दर वेळी 1620. सहलीला पाटणादेवीला जाण्याआधीच्या आठवड्यात मी हेच उदाहरण वर्गाला तोंडी देत असे आणि या वाटा मुलांकडून येईपर्यंत पुस्तकाचे नाव काढत नसे. 20 वजा 8ची वाट फार थोड्यांना सुचते; सत्त्याण्णवाला शंभराची नोट देणाऱ्यांना ती लवकर सुचते.

शेतातले उदाहरण घ्यायचे तर केळीच्या लागवडीचे घ्यावे. पाच फूट बाय पाच फूट अंतराने लावल्यास एका एकरात, म्हणजे 43,560 चौरस फुटांत, किती झाडे बसतील? भागाकाराने 1742 येतात. रावेरकडच्या एका मुलीने लगेच सांगितले की एवढी बसत नाहीत, कारण बांधाला लागून कोणी केळी लावत नाही आणि वाट सोडावी लागते. पुस्तकी उत्तरावर असा आक्षेप आला की तो खोडून काढू नये. ‘मग किती कमी होतील, ते कसं काढशील?’ असे विचारून दोन बाकांना कामाला लावावे.

आता पावरी बोलणाऱ्या मुलांविषयी. आपल्याला पावरी येत नसेल तर ते मान्य करून चालावे. एका आश्रमशाळेत मी काही दिवस वर्ग घेतले तेव्हा पावरी, भिली बोलणारी मुले माझ्याशी बोलत नव्हती, पण आपापसांत मात्र छान बोलत. मी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि आधी जोडीत, आपल्याच भाषेत बोला असे सांगितले. मग एकाने दुसऱ्याचा विचार वर्गाला सांगायचा, स्वतःचा नाही. दुसऱ्याचा विचार सांगताना चूक झाली तर ती आपली नसते, त्यामुळे जीभ मोकळी होते. काड्या, खडे, चित्र, बोटांची हालचाल यांनाही मी बोलणेच मानत असे. एका मुलाने जमिनीवर काड्यांचे सात गठ्ठे मांडले, त्यातला एक मोडून सुटा केला आणि माझ्याकडे पाहिले. एकही शब्द न उच्चारता त्याने दशक सुटा करणे समजावले होते. त्याला ‘तोंडाने सांग’ असे त्या दिवशी मी म्हटले नाही. काही मुलांना उत्तर आधी दिसते आणि शब्द नंतर सुचतात; त्यांच्यामागे लगेच लागू नये, दुसऱ्या दिवशी विचारावे.

घडाघडा रीत म्हणणाऱ्या मुलांची मला गप्प मुलांपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्या बोलण्याने शिक्षक फसतो. आठवीतला मुलगा x + 5 = 12 सोडवताना ‘पाच पलीकडे गेला की वजा होतो’ असे आत्मविश्वासाने सांगतो. मी विचारत असे, ‘जाताना वाटेत त्याला काय झालं?’ वर्ग हसतो; मग 3x = 12 देतो आणि तोच मुलगा तीन पलीकडे नेऊन 9 उत्तर काढतो. तेथे तराजू काढावा: दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले, दोन्हींचे सारखेच भाग केले. पाठ केलेले आणि समजलेले वेगळे ओळखण्यासाठी मला सापडलेला उपाय एकच आहे: उदाहरणातली एक गोष्ट बदलायची आणि स्पष्टीकरण टिकते का ते पाहायचे. भूमितीतही हेच होते. सिद्धतेतल्या चौकटी मुले पटापट भरतात, पण समोरच्या ओळीत ‘कारण’ काय लिहिले ते आकृतीवर बोट ठेवून सांगायला लावले की निम्म्या चौकटी डळमळतात. मात्र प्रत्येकच गोष्टीचे कारण विचारत सुटू नये. सात आठे छप्पन्न हे दर वेळी सिद्ध करायला लावले तर मुले कंटाळतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

वेळेचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे गोड उत्तर माझ्याकडे नाही. आठवड्यातून चार दिवस तासाची पहिली दहा मिनिटे, एकच उदाहरण, वही-पेन्सिल बंद, फळ्यावर तीन वाटा आणि प्रत्येक वाटेपुढे ती सांगणाऱ्याचे नाव, एवढेच मी ठरवले होते. पहिल्या सत्रात माझा वर्ग दीड धडा मागे पडला आणि त्याबद्दल मला ऐकूनही घ्यावे लागले. ती तूट मी स्वाध्यायातली उदाहरणे दहावरून चारवर आणून भरून काढली. चारांपैकी एकाखाली ‘मी असे का केले’ हे दोन ओळींत लिहायचे, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. दुसऱ्या सत्रात उजळणीला लागणारे दिवस कमी झाले, कारण कोणाला काय येत नाही ते मला चाचणीआधीच ऐकू आलेले असे.

बोलण्याला गुण मात्र देऊ नयेत. मी एकदा दिले आणि आठवड्याभरात वर्गातली तीन-चार बोलकी मुलेच बोलू लागली. त्याऐवजी एक साधी वही ठेवली: प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याने त्या पंधरवड्यात उच्चारलेले गणितातले एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, तारखेसह. ‘शंभर दिधात, तीन परत लिधात’ हे वाक्य त्याच वहीतून वर उतरवले आहे. महिनाभराने ती वही उघडली की काही नावांपुढे कोरी जागा दिसते. त्या मुलांजवळ मी मधल्या सुट्टीत, डबा खाताना, खिशात चार काड्या घेऊन बसत असे. आपणही पहिल्या महिन्यानंतर तेथूनच सुरुवात करावी.